जोखमीला धनी हवा

१५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, मावळ तालुक्यातील इंदुरी गावाजवळ कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरचा जुना लोखंडी पादचारी पूल कोसळला. पाऊस सुरू झाला होता, नदीला पाणी चढले होते, आणि ते पाणी व पात्रातील खडकांत कोरले गेलेले रांजणखळगे पाहण्यासाठी आलेल्या पर्यटकांची पुलावर दाटी झाली होती. ४ जणांना प्राण गमवावे लागले. ५० हून अधिक माणसे जखमी झाली. मदतकार्य झाले, भरपाई जाहीर झाली, चौकशीचे आदेश निघाले. अशा दुर्घटनांनंतर जे जे होत असते ते सारे यथासांग पार पडले. पण कुंडमळ्याच्या घटनेचा खरा धडा दुर्घटनेनंतर काय झाले यात शोधून सापडणार नाही. तिच्या आधी काय काय माहीत होते, यात तो आहे.

आणि जे माहीत होते ते थोडेथोडके नव्हते. पूल सुमारे ३० वर्षांचा होता. शेतकऱ्यांना व स्थानिक रहिवाशांना नदी ओलांडता यावी एवढ्याच हेतूने तो बांधलेला होता. शेकडो हौशी पर्यटकांनी एकाच वेळी त्यावर उभे राहावे, ही कल्पना त्याच्या रचनेत नव्हती. तो धोकादायक झाल्याची सूचना देणारा फलक जागेवर होता. त्याच्या ठिकाणी नवा पूल बांधण्यासाठी सुमारे ८ कोटी रुपये मंजूर झाले होते आणि कामाचा आदेशही दुर्घटनेच्या थोडे दिवस आधी निघाला होता. पावसाळ्यातील रविवारी कुंडमळ्याला गर्दी लोटते, हे तर मावळातील शाळकरी मुलासही ठाऊक होते. तेव्हा या घटनेला ‘अकल्पित’ म्हणणे हा त्या शब्दाचा गैरवापर होय. पुलाचे दुखणे माहीत होते, औषध ठरले होते, पैसाही हाताशी होता. उणे होते ते एवढेच की, औषध पोटात जाईपर्यंतच्या काळात रोग्याची काळजी कोणी वाहायची, हे ठरलेले नव्हते.

फलक म्हणजे उपाय नव्हे

धोक्याची सूचना देणारा फलक ही आपल्या सार्वजनिक जीवनातील एक विलक्षण वस्तू आहे. तो लावला की लावणाऱ्याच्या मनावरील ओझे उतरते. वस्तुतः धोका तसूभरही कमी झालेला नसतो. तो फक्त कार्यालयाच्या टेबलावरून नागरिकाच्या खांद्यावर गेलेला असतो. पुलावर पाऊल ठेवणाऱ्या माणसाला त्याच्या खांबांची अवस्था, गंजाची खोली, पेलू शकणारा भार यांपैकी काहीच ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला दिसते ते एवढेच की, समोर पूल आहे, तो उघडा आहे आणि त्यावर शंभर माणसे उभी आहेत. उघडा पूल आणि ‘पूल धोकादायक आहे’ असे सांगणारा फलक या दोन परस्परविरोधी सूचना एकाच ठिकाणी मिळाल्या, तर माणूस पुलावर विश्वास ठेवतो, फलकावर नाही.

अर्थात नागरिकांना सर्वस्वी निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. ३० जून २०२४ रोजी याच तालुक्यात लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील ५ जण वाहून गेले, त्या घटनेला वर्षही झालेले नव्हते. पावसाळी सहलींतील बेफिकिरी हा खराच चिंतेचा विषय आहे. तथापि जी गर्दी दरवर्षी, ठरावीक महिन्यांत, ठरावीक वारी येते ती गर्दी नैसर्गिक आपत्तीसारखी अनपेक्षित नसते. तिचा अंदाज बांधता येतो. आणि ज्याचा अंदाज बांधता येतो त्याची व्यवस्थाही करता येते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाला धोक्याची ठिकाणे हेरून प्रतिबंधक उपाय योजण्याचे आणि प्रसंगी लोकांचा प्रवेश रोखण्याचे अधिकार दिलेले आहेत. म्हणजे कायदाही उणा नव्हता.

शेजारच्या कारखान्यांत काय घडते

इंदुरी ज्या तळेगाव-चाकण रस्त्यावर वसलेली आहे त्याच्या दोन्ही टोकांना देशातील एक मोठा वाहनउद्योग उभा आहे. त्या कारखान्यांत नवे वाहन किंवा त्याचा साधा सुटा भाग बाजारात आणण्यापूर्वी एक तक्ता भरला जातो. ‘एफएमईए’ या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. अपयशाचे संभाव्य प्रकार व त्यांचे परिणाम यांचे विश्लेषण, असा त्याचा अर्थ. १९४९ मध्ये अमेरिकन सैन्यदलाने ही पद्धत लेखी स्वरूपात आणली. पुढे १९७० च्या दशकात ती वाहनउद्योगात शिरली. हिच्यामागील विचार अगदी साधा आहे. वस्तू तयार होण्यापूर्वीच ती कोणकोणत्या रीतीने मोडू शकेल याची कल्पना करायची, आणि प्रत्येक प्रकाराला तीन प्रश्न विचारायचे. मोडली तर हानी किती? मोडण्याचा संभव किती? आणि मोडण्याआधी दोष ध्यानात येणे कितपत अवघड? प्रत्येक प्रश्नाला १ ते १० पर्यंत गुण द्यायचे आणि तिन्हींचा गुणाकार करायचा. ज्याचा गुणाकार मोठा, त्या दोषाकडे आधी लक्ष द्यायचे, अशी ही रीत.

या गुणाकारात एक खोच आहे आणि ती शिक्षकांनी वर्गात फळ्यावर मांडून दाखवावी इतकी बोधप्रद आहे. समजा, ब्रेकच्या एखाद्या भागाला तडा जाण्याचा संभव आहे. हानी प्राणघातक, म्हणून १० गुण. पण संभव कमी म्हणून २, आणि दोष सहज सापडणारा म्हणून २. गुणाकार ४०. दुसरीकडे दाराचा खडखडाट आहे. हानी किरकोळ, म्हणून ४. संभव बराच, म्हणून ६. तपासणीत तो निसटण्याची शक्यता मध्यम, म्हणून ५. गुणाकार १२०. तक्त्याच्या हिशेबाने दाराचा खडखडाट हा ब्रेकच्या तड्यापेक्षा तिप्पट महत्त्वाचा ठरला! हा दोष जाणूनच २०१९ मध्ये अमेरिकन व जर्मन वाहनउद्योगांच्या संघटनांनी मिळून जी नवी पुस्तिका काढली, तिने या गुणाकाराला रजा दिली आणि हानीच्या तीव्रतेला अग्रस्थान देणारी कृतिक्रमाची पद्धत स्वीकारली. ज्या चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागते तिला सरासरीच्या हिशेबात बुडू द्यायचे नाही, हा या बदलाचा इत्यर्थ आहे.

परंतु या तक्त्यातील सर्वांत मोलाचे रकाने आकड्यांचे नाहीतच. ते शेवटी येतात आणि फार साधे असतात: उपाय कोणता, जबाबदार व्यक्ती कोण आणि मुदत कोणती. जोखमीच्या समोर एका माणसाचे नाव लिहिलेले असते. ‘संबंधित विभाग’ असे लिहून तेथे भागत नाही. कुंडमळ्याच्या पुलाचा असा एखादा तक्ता कोणी भरला असता, तर हानीच्या रकान्यात १० आणि संभवाच्या रकान्यात दर पावसाळ्यागणिक वाढता आकडा पडला असता. आणि मग नावाच्या रकान्याशी येऊन लेखणी थबकली असती.

कागद भरूनही संकट येते

तक्ते भरले की संकटे टळतात, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात लोहगाव भागात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ओला कंपनीच्या विजेवरील स्कूटरने पेट घेतला. त्या सुमारास देशाच्या इतर भागांतूनही निरनिराळ्या कंपन्यांच्या स्कूटर पेटल्याच्या बातम्या येत होत्या. एप्रिलमध्ये ओलाने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. इतर कंपन्यांनाही तसेच करावे लागले. केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि बॅटरीच्या सुरक्षिततेचे निकष १ डिसेंबर २०२२ पासून व पुढे ३१ मार्च २०२३ पासून अशा दोन टप्प्यांत कडक करण्यात आले. यातील क्रम ध्यानात घ्यावा. आधी वाहन रस्त्यावर आले, मग आग लागली, मग निकष सुधारले. लिथियमची बॅटरी तापते आणि एका घटातील उष्णता शेजारच्या घटांना पेटवू शकते, हे ज्ञान २०२२ मध्ये नवे नव्हते. नवी होती ती बाजारात सर्वांआधी पोहोचण्याची घाई.

याच परिसरातील आणखी एक उदाहरण याहून सुखद आहे. टाटा कंपनीची इंडिका ही मोटार १९९८ च्या अखेरीस लोकांसमोर आली. संपूर्ण भारतीय रचनेची प्रवासी मोटार म्हणून तिचे स्वागत झाले, मागणीही प्रचंड आली. पण पहिल्या ग्राहकांच्या तक्रारीही तितक्याच वेगाने येऊ लागल्या. कंपनीपुढे दोन वाटा होत्या. तक्रारी हा विरोधकांचा अपप्रचार आहे असे म्हणता आले असते. किंवा तक्रारी हीच फुकट मिळालेली तपासणी मानून मोटारीत दुरुस्त्या करता आल्या असत्या. दुसरी वाट धरली गेली, म्हणूनच २००१ मध्ये आलेल्या सुधारित इंडिकाने पहिलीची बदनामी धुऊन काढली. ज्या दोषांमुळे ग्राहकाला मनस्ताप होतो ते बाजारात आल्यावरही दुरुस्त करता येतात. ज्यामुळे ग्राहकाचा जीव जातो, त्यांना मात्र दुसरी आवृत्ती नसते. जोखमीची वर्गवारी करायची ती या रेषेवर.

पानशेतची आठवण

घाईचे खरे मोल पुण्याइतके दुसऱ्या कोणत्या शहराने क्वचितच मोजले असेल. पानशेतचे मातीचे धरण नियोजित वेळेच्या सुमारे एक वर्ष आधीच, १९६१ च्या पावसाळ्यात, पाण्याने भरू देण्याचा निर्णय झाला. पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीचे व तिच्या दारांचे काम तेव्हा पुरे झालेले नव्हते. पाऊस अपेक्षेहून अधिक कोसळला, धरण खचू लागले, लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून त्याला धीर दिला. आणि १२ जुलै १९६१ रोजी सकाळी ते फुटले. त्या लोंढ्याने खाली असलेले १८७९ चे खडकवासला धरणही टिकू दिले नाही. जवानांच्या त्या रात्रीच्या श्रमांमुळे धरण काळोखात न फुटता दिवसा फुटले आणि असंख्य प्राण वाचले, असे पुणेकर आजही कृतज्ञतेने सांगतात. ती कृतज्ञता योग्यच आहे. पण संकट दाराशी आल्यावर दाखवलेल्या शौर्याचे पोवाडे गाताना, ते दाराशी येऊ देणाऱ्या निर्णयाची चिकित्सा मागे पडते. अपुऱ्या वस्तूवर पुरा भार टाकण्यात आला, हे पानशेतचे सार आहे. आणि पूल असो, धरण असो वा स्कूटर असो, ते सर्वांना सारखेच लागू आहे.

पानशेतनंतर २५ वर्षांनी, २८ जानेवारी १९८६ रोजी, अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि आतील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडी थंडीत ताठर होतात, म्हणून उड्डाण पुढे ढकला, असे ती अग्निबाणयंत्रणा बनवणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांनी आदल्या रात्री आग्रहाने सांगितले होते. त्यांचे म्हणणे मागे पडले. त्याचे एक कारण पुढील अभ्यासांतून स्पष्ट झाले ते असे: आधीच्या काही उड्डाणांतही ही कडी झिजलेली आढळली होती, तरी यान सुखरूप परतले होते. प्रत्येक सुखरूप पुनरागमनाने धोका कमी झाल्याचा भास वाढवला. वास्तविक ती सुरक्षिततेची साक्ष नव्हती. ती केवळ टळलेल्या अपघातांची यादी होती.

कुंडमळ्याचा पूल आदल्या रविवारी पडला नव्हता. त्याच्या आदल्या रविवारीही पडला नव्हता. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हे वाक्य आपल्याकडे अनुभवाचे बोल म्हणून उच्चारले जाते. गंजणाऱ्या लोखंडाच्या बाबतीत तेच वाक्य मुदत संपत आल्याची नोटीस असते.

बंद करणे सोपे नाही

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पूल बंद करा, असे शहरातून सांगणे सोपे आहे. ज्या शेतकऱ्याचे शेत पलीकडच्या काठावर आहे, ज्या मुलाला रोज नदी ओलांडायची आहे, त्याच्यासाठी बंद पूल म्हणजे रोजचा मैलोगणती वळसा. पूल बंद करणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच दिवशी निवेदने, मोर्चे आणि लोकप्रतिनिधींचे दूरध्वनी यांना तोंड द्यावे लागते. आणि पूल बंद केल्यामुळे जे वाचले त्यांची नावे कोणत्याही वृत्तपत्रात छापून येत नाहीत, कारण ती कोणालाच माहीत नसतात. टळलेल्या अपघाताला पुरावा नसतो. खबरदारीचे मोल चोख आणि ताबडतोब चुकवावे लागते, तिचे फळ मात्र अदृश्य राहते. कारखान्यात उत्पादनाची तारीख पुढे ढकलणाऱ्या अभियंत्याची अवस्था नेमकी हीच असते.

म्हणूनच ‘सारे बंद’ आणि ‘सारे चालू’ या दोन टोकांच्या मधल्या पायऱ्या आधीपासून ठरलेल्या असाव्या लागतात. पुलाच्या दोन्ही तोंडांना वाहन शिरू न देणारे लोखंडी खांब रोवणे, पावसाळ्यातील सुट्टीच्या दिवशी तेथे दोन माणसे उभी करणे, एका वेळी किती जणांना जाऊ द्यायचे याची मर्यादा ठरवणे, पाणी ठरावीक खुणेवर चढले की पूल आपोआप बंद होईल असा नियम करणे. यांपैकी कशालाही ८ कोटी रुपये लागत नाहीत. नवा पूल हा रोगावरील इलाज. या पायऱ्या म्हणजे पथ्य. इलाजाला निविदा, मंजुरी, आदेश यांची वाट पाहावी लागते. पथ्य त्याच दिवशी सुरू करता येते.

यातील शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. ‘परिस्थिती पाहून निर्णय घेऊ’ असे म्हणणाऱ्याने निर्णय अशा वेळेवर ढकललेला असतो, जेव्हा घाई, गर्दी आणि दडपण ही तिन्ही शिगेला पोहोचलेली असतात. पाणी कोठवर चढले की थांबायचे, बॅटरी किती अंशांवर तापली की चाचणी रद्द करायची, किती तक्रारी आल्या की विक्री रोखायची, हे शांत डोक्याने आणि कोरड्या ऋतूत लिहून ठेवले, तर ऐन प्रसंगी अधिकाऱ्याला धैर्य दाखवण्याची गरज उरत नाही. केवळ नियम पाळला तरी पुरते. ज्या व्यवस्थेत सुरक्षितता एखाद्याच्या असामान्य धैर्यावर अवलंबून असते ती व्यवस्था दुबळी समजावी.

नस्ती आणि नाव

जोखमीचे व्यवस्थापन हा शब्दप्रयोग मोठमोठ्या कंपन्यांचा वाटतो. पण त्याचे मर्म कोणत्याही तालुक्याच्या कार्यालयातील कारकुनाला चटकन कळेल, कारण त्याच्या हातून रोज नस्त्या जात असतात. ‘पाहिले, पुढील कार्यवाहीसाठी सादर’ असा शेरा मारून नस्ती वर जाते, ‘नियमानुसार कार्यवाही व्हावी’ अशा शेऱ्यासह खाली येते. या प्रवासात प्रत्येकाची सही होते आणि जबाबदारी कोणाचीच होत नाही. पूल धोकादायक असल्याचे पत्र एका कार्यालयातून दुसऱ्यात गेले की पहिल्याचे काम संपते. दुसऱ्याने ते तिसऱ्याकडे धाडले की दुसऱ्याचेही. पत्र फिरत राहते आणि पूल उभा राहतो, पडेपर्यंत. यावर तोडगा एकच: धोक्याच्या प्रत्येक नोंदीपुढे पदाचे नाव, मुदत आणि ‘तोपर्यंत काय’ या प्रश्नाचे उत्तर लिहिल्याखेरीज ती नस्ती पुढे सरकू नये. आणि वाईट बातमी वर कळवणाऱ्याला शिक्षा होणार नाही, याची हमी असावी. आपल्या कार्यालयांत आणि कारखान्यांतही अडचण सांगणारा माणूसच अडचण मानला जातो. ज्या दिवशी हे उलटेल त्या दिवशी निम्मी संकटे कागदावरच विरतील.

विद्यार्थ्यांनीही याकडे परीक्षेपुरते पाहू नये. उद्या त्यांच्यापैकीच कोणी पुलाचा आराखडा काढेल, कोणी बॅटरीचा घट तपासेल, कोणी कामाच्या आदेशावर सही करील. ‘ही वस्तू कशी चालेल?’ या प्रश्नाचे उत्तर आपली महाविद्यालये उत्तम शिकवतात. ‘ही कशी मोडेल, आणि मोडली तेव्हा तिच्यावर कोण उभे असेल?’ हा प्रश्न मात्र अनुभवावर सोडून दिला जातो. आणि अनुभव फार महागडा गुरू आहे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ चा पूल महापुरात वाहून गेला आणि एसटीच्या २ गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झालेली होती. त्यानंतर तेथे नवा पूल उभा राहिला तो अवघ्या १६५ दिवसांत. जून २०१७ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला. हा वेग निश्चितच अभिमानास्पद आहे. पण त्याच वेगाने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली: आपल्यापाशी ज्ञान आहे, साधने आहेत, कर्तृत्वही आहे. त्यांना कामाला लावणारी आज्ञा तेवढी दुर्घटनेच्या हातून निघते. कुंडमळ्यालाही पूल होईलच. पण मावळात आणि महाराष्ट्रात आजही कितीतरी साकव, बंधारे आणि पूल धोक्याचा फलक लावून उघडे आहेत. त्या प्रत्येकासमोर कोणाचे नाव लिहिले आहे, हा प्रश्न येत्या पावसाळ्यापूर्वी विचारला गेला, तरच इंदुरीच्या काठावर गेलेल्या चार जिवांचा हिशेब कोणीतरी मांडला असे म्हणता येईल.